ग्रीक चांदीचे पहिले नाणे घुबडाचे नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्राचीन नाण्यांच्या लिलावांच्या बातम्या हल्ली वरचेवर छापून येतात आणि सोबत चित्र असते ते बहुधा अथेन्सच्या घुबड असलेल्या नाण्याचे. लिलाव आता संगणकावर होतात, त्यामुळे बातमी वाचून त्याच आठवड्यात कुणीही बोली लावू शकतो. या छंदाकडे नव्याने वळणाऱ्यांचे आम्हाला मनापासून स्वागत करावेसे वाटते. अडीच हजार वर्षांपूर्वी हाताने ठोकलेले चांदीचे नाणे तळहातावर घेता येणे ही फार मोठी गोष्ट आहे आणि त्यासाठी गर्भश्रीमंत असावे लागत नाही. काळजी वाटते ती एवढीच, की जे नाणे पाचवे-सहावे म्हणून घ्यावे तेच बहुतेक जण पहिले घेतात, घाईने घेतात, आणि मग एकतर फसतात किंवा सामान्य प्रतीच्या नाण्याला उत्तम प्रतीचा भाव देऊन बसतात. ग्रीक नाण्यांचा अभ्यास आणि संग्रह करणारे आम्ही काही जण त्यासाठीच हे पत्र सविस्तर लिहीत आहोत.

आधी त्या घुबडाविषयी. अथेन्सचे हे चार द्राख्मांचे नाणे, म्हणजे टेट्राद्राख्मा, सुमारे 17.2 ग्रॅम वजनाचे असते. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथीना, दुसऱ्या बाजूला घुबड, त्याच्यामागे ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, पुढे शहराच्या नावाची पहिली तीन अक्षरे. लॉरियनच्या खाणींतल्या चांदीवर इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ही नाणी अफाट संख्येने पाडली गेली. म्हणजे नाणे दुर्मीळ अजिबात नाही. कोणत्याही आठवड्यात डझनांनी विक्रीला असते. तरीही मागणी इतकी, की भाव दुर्मिळतेच्या मानाने कितीतरी चढा राहतो. बनावट नाणी करणाऱ्यांचेही हेच सर्वांत लाडके नाणे. शिवाय यात प्रत ओळखणे अवघड आहे. चांदीची कोरी चकती बहुतेकदा ती ठोकायच्या कोरीव ठशापेक्षा लहान असे, त्यामुळे अथीनेच्या शिरस्त्राणाचा तुरा जवळजवळ नेहमीच कापला जातो. तुरा पूर्ण आलेले नाणे आणि नाक कापले गेलेले नाणे यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. तो का पडतो हे शंभरभर घुबडे पाहिल्यावरच कळते. गेल्या काही वर्षांत मोठे साठे बाजारात आल्यामुळे याचे भाव चांगलेच हललेही आहेत, तेव्हा गुंतवणूक म्हणून ते घ्या असे कुणी सांगत असेल तर ऐकू नये.

पहिले नाणे म्हणून आम्ही अलेक्झांडरच्या नावाचा एक द्राख्मा सुचवू. वजन 4.1 ते 4.3 ग्रॅम, व्यास 16 ते 18 मिलिमीटर. दर्शनी बाजूला सिंहाचे कातडे डोक्यावर घेतलेला हेराक्लीस, मागच्या बाजूला सिंहासनावर बसलेला झ्यूस, त्याच्या पसरलेल्या हातावर गरुड, दुसऱ्या हातात राजदंड आणि उजव्या कडेला वरून खाली ‘अलेक्झांडरचे’ अशा अर्थाचा ग्रीक लेख. हा द्राख्मा प्रामुख्याने आशिया मायनरच्या पश्चिम भागात, सार्डिस, मिलेटस, कोलोफॉन, लॅम्पसॅकस, अबायडॉस, मॅग्नेशिया या टांकसाळींत पाडला गेला. झ्यूससमोर आणि सिंहासनाखाली असलेल्या बारीक चिन्हांवरून टांकसाळ आणि काळ ओळखता येतो. मार्टिन प्राइस यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत या प्रत्येक प्रकाराला क्रमांक आहे आणि त्याच क्रमांकांवर उभी असलेली ‘पेला’ ही अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची ऑनलाइन सूची कुणालाही फुकट पाहता येते. नवख्याच्या दृष्टीने हेच सर्वांत मोलाचे. विक्रेत्याने दिलेला क्रमांक उघडावा, चिन्हे जुळतात का पाहावे, संग्रहालयांतल्या त्याच प्रकारच्या नाण्यांशेजारी आपले चित्र ठेवावे. अर्ध्या तासात जे शिक्षण होते ते नुसती पुस्तके चाळून होत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. अलेक्झांडर इ.स.पू. 323 मध्ये बॅबिलोनमध्ये वारला, पण त्याच्या नावाची नाणी पुढे दोनशेहून अधिक वर्षे निघत राहिली. ‘हयातीतले नाणे’ म्हटले की भाव वाढतो, म्हणून तो शिक्का सढळ हाताने मारला जातो. वर्णनात तसे लिहिलेले असेल तर सूचीतला क्रमांक आणि तिथे दिलेली तारीख पाहावी. झ्यूसचे पाय एकमेकांवर असतील तर नाणे नंतरचे, असा ढोबळ नियम सांगितला जातो. तो सर्व टांकसाळींना लागू पडत नाही, त्यामुळे निवाडा फक्त त्याच्यावर सोडू नये. याच नमुन्याची, पण लेखात फिलिपचे नाव असलेली नाणी अलेक्झांडरच्या सावत्र भावाची, तिसऱ्या फिलिपची, इ.स.पू. 323 ते 317 मधली. त्यांची तारीख नावानेच ठरते, म्हणून आमच्या मते ‘हयातीतल्या’साठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा हा फिलिप अधिक समाधान देतो.

वजनांचा हिशेब सुरुवातीलाच पक्का करून घ्यावा, कारण ‘द्राख्मा’ हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. अथेन्सच्या वजनमानाने 6 ओबोलांचा 1 द्राख्मा, द्राख्मा 4.3 ग्रॅमचा, ओबोल 0.72 ग्रॅमचा, अर्धा ओबोल 0.36 ग्रॅमचा. अलेक्झांडरने हेच मान स्वीकारले, म्हणून ते सर्वत्र पसरले. कॉरिंथचा स्टेटर, म्हणजे तिथले मुख्य मोठे नाणे, 8.6 ग्रॅमचा, पण तो दोनऐवजी तीन द्राख्मांत विभागलेला, त्यामुळे तिथला द्राख्मा 2.9 ग्रॅमचा. त्यावर पंख असलेला पेगासस घोडा आणि त्याच्याखाली कोप्पा हे जुने अक्षर असते. कॉरिंथच्या वसाहतींनीही असेच घोडे काढले, पण अक्षर आपापले ठेवले. इजायना बेटाचा कासव असलेला स्टेटर सुमारे 12.2 ग्रॅमचा. जाहिरातीत नुसते ‘ग्रीक द्राख्मा, 2.8 ग्रॅम’ असेल, तर तो कॉरिंथचा अगदी योग्य वजनाचा द्राख्मा असू शकतो किंवा अथेन्सच्या मानाचा, आतून तांबे असलेला. शहर आणि मान ठरल्याशिवाय वजनाची तपासणी होत नाही.

ज्यांना त्याहून कमी पैशांत सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी लहान नाण्यांचे मोठे दालन आहे. थ्रेसमधल्या केर्सोनीसचा अर्धा द्राख्मा घ्या: इ.स.पू. चौथे शतक, वजन 2.3 ते 2.4 ग्रॅम, मागे वळून पाहणारा सिंहाचा पुढचा भाग आणि मागच्या बाजूला चार खणांचा खोलगट चौकोन. त्या खणांतली बारीक अक्षरे आणि चिन्हे इतक्या परींची आहेत की एवढ्या एका प्रकाराचा संग्रह करणारेही आहेत. पॅरियमच्या अर्ध्या द्राख्मावर मागे वळून पाहणारा बैल आणि जीभ बाहेर काढलेला गॉर्गन या राक्षसीचा चेहरा. युबियातल्या हिस्टिया शहराच्या चार ओबोलांच्या नाण्यावर जहाजाच्या मागच्या टोकावर बसलेली अप्सरा. सिझिकसच्या ओबोलवर रानडुकराचा पुढचा भाग, त्याच्यामागे ट्यूना मासा आणि उलट बाजूला सिंहाचे डोके. मिलेटसचा स्टेटरचा बारावा भाग, 1.1 ते 1.2 ग्रॅमचा, हा तर इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा; इतके जुने चांदीचे नाणे एवढ्या कमी किमतीत दुसरे क्वचितच मिळेल. आपल्या वाचकांना जवळचे वाटेल असे इंडो-ग्रीक राजांचे चौकोनी नाणेही याच कुळातले. पहिल्या अपोलोडोटसचा हत्ती आणि वशिंडाचा बैल असलेला द्राख्मा सुमारे 2.4 ग्रॅमचा, एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपी. फक्त याच्याही नकला भरपूर निघतात.

लहान नाण्यांत फसगत होते ती आकाराची. पडद्यावर ओबोल ताटाएवढा दिसतो आणि पाकीट उघडल्यावर मसुराच्या डाळीएवढा निघतो. बोली लावण्यापूर्वी कागदावर 9 मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ काढून पाहावे. एवढे लहान नाणे आवडेल असे वाटले तरच पुढे जावे.

आता बनावट नाण्यांविषयी. इथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण पैसे बुडतात ते इथेच. सर्वांत साधा प्रकार ओतीव नाण्याचा. खऱ्या नाण्यावरून साचा घ्यायचा आणि त्यात धातू ओतायचा. यात अक्षरांच्या कडा मऊ येतात, पृष्ठभागावर गोलसर बुडबुड्यांचे खड्डे राहतात, आणि दोन अर्धे साचे जिथे जुळतात तिथे कडेवर एक रेघ उठते. ती रेघ कानशीने घासून काढलेली असते, म्हणून कडा संशय यावा इतकी गुळगुळीत दिसते. ठोकलेल्या नाण्याची कडा वेगळी असते. घणाच्या घावाने धातू बाहेर पसरतो, कडेला बारीक चिरा पडतात, आणि अक्षरांच्या आसपास केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा भिंगाखाली दिसतात. तरी एकाच लक्षणावर निकाल देऊ नये. जमिनीत गंजून पडलेले खड्डे खऱ्या नाण्यावरही असतात, फक्त ते वेडेवाकडे असतात. सिसिलीतल्या काही टांकसाळींत ठोकण्याआधीच्या चकत्याच साच्यात ओतल्या जात, त्यामुळे तिथल्या अस्सल टेट्राद्राख्मांच्या कडेलाही ओतकामाची खूण सापडते.

याहून धोकादायक प्रकार म्हणजे खऱ्या नाण्यावरून ठसा तयार करून त्याने नवी चांदी ठोकायची. अशा नाण्याला कडेच्या चिराही असतात आणि धातू पसरल्याच्या रेषाही. ते पकडले जाते एकाच मार्गाने: मूळ नाण्यावरचा ओरखडा, झीज, चकतीचा दोष हे सगळे ठशात उतरते आणि प्रत्येक नकलेवर त्याच जागी दिसते. एकाच ठशाची दोन खरी नाणी चेहऱ्याच्या रेषा न् रेषा जुळणारी असू शकतात. त्यांच्या चकतीचा आकार, छाप मध्यावर आहे की सरकलेली, चिरा कुठे पडल्या, ओरखडे कुठे आहेत, हे मात्र जुळणार नाही. ते जुळले तर निदान एक नाणे खोटे, बहुधा दोन्ही. म्हणून बोली लावण्याआधी त्याच प्रकारची शक्य तितकी नाणी पाहावीत. एसीसर्च, कॉइनआर्काइव्हज यांसारख्या झालेल्या लिलावांच्या संग्रहांत हजारो चित्रे आहेत. बनावट म्हणून जाहीर झालेल्या नाण्यांचेही ऑनलाइन संग्रह आहेत. तिथे न पाहता घेतलेले नाणे म्हणजे नशिबावर सोडलेले पैसे.

तिसरा प्रकार नव्याने कोरलेल्या ठशांचा. जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर (1772 ते 1830) या कामात इतका वाकबगार होता, की त्याची नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसासोबत पेटीत घालून घोडागाडीला बांधत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अथेन्समध्ये क्रिस्टोडुलोस नावाच्या कारागिराने शेकडो ठसे कोरले. नाणेशास्त्रज्ञ स्वोरोनोस यांनी 1922 मध्ये ते प्रसिद्ध केले म्हणून आज ओळखता येतात. 1988 च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या अपोलोनिया आणि मेसेम्ब्रिया या शहरांची दोन ओबोलांची नाणी एकदम मोठ्या संख्येने बाजारात आली. ती खरी की खोटी यावर जाणकारांत मोठा वाद झाला आणि अखेर ती बनावट ठरली. 2012 मध्ये न्यूयॉर्कमध्ये इटलीतून चोरून आणलेली समजून जप्त केलेली सिसिलीची अतिशय महागडी नाणी सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीत नकली निघाली. ती बाळगणारा अनुभवी जाणकारही त्यांना खरी समजत होता. हे सांगण्याचा हेतू घाबरवण्याचा नाही. जिथे मुरलेले जाणकार चुकतात तिथे नवख्याने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा विक्रेत्याच्या लेखी हमीवर जास्त भिस्त ठेवावी, एवढेच म्हणणे आहे. आणि लहान, स्वस्त नाणे म्हणजे आपोआप सुरक्षित असेही मानू नये. जहाजाचा नांगर आणि गॉर्गन असलेला अपोलोनिया पाँटिकाचा, म्हणजे वरच्याच अपोलोनियाचा, द्राख्मा किंवा एक सरळ आणि एक उलटे अशी दोन डोकी असलेला इस्ट्रसचा द्राख्मा ही नवख्यांची आवडती नाणी, आणि नकला करणाऱ्यांचीही. ही दोन अनोळखी विक्रेत्याकडून कधीच घेऊ नयेत.

प्राचीन काळातच केलेल्या खोट्या नाण्यांची गोष्ट वेगळी. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून ठोकलेली ही नाणी त्या काळीही बाजारात फिरत होती. अथेन्सने इ.स.पू. 375/4 मध्ये निकोफोन याने मांडलेला कायदा करून सरकारी नाणेपारख्याने नाणी कशी तपासावीत हे ठरवून दिले. आगोरातल्या, म्हणजे मुख्य बाजारचौकातल्या, पेढ्यांमध्ये बसून तो नाणी तपासत असे आणि आत तांबे किंवा शिसे निघालेले नाणे तिथल्या तिथे कापून टाकत असे. हा कायदा कोरलेली शिळा 1970 मध्ये आगोराच्या उत्खननात सापडली. आज अनेक घुबडांवर छिन्नीचा खोल घाव दिसतो, तोही अशाच पारखीचा. इजिप्त आणि पूर्वेकडच्या प्रदेशांत परकी चांदी घेताना ती सर्रास केली जाई. घावामुळे किंमत बरीच उतरते, पण आतली चांदी उघडी दिसते. इतिहासात रस असलेल्याला कमी पैशांत चांगले नाणे मिळण्याचा हा एक सरळ मार्ग आहे, आणि घुबड घ्यायचेच असेल तर आम्ही असेच घ्या म्हणू. मुलाम्याचे प्राचीन नाणेही संग्रहात ठेवण्याजोगे असते, फक्त ते मुलाम्याचे म्हणून विकलेले आणि त्याच भावाने घेतलेले असावे.

नाणे हातात आल्यावर पहिल्या दिवशी तीन कामे करावीत. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन घ्यावे आणि ते विक्रेत्याने दिलेल्या वजनाशी ताडून पाहावे. फरक दोन-तीन शतांश ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर लगेच विचारणा करावी. 10 पट भिंगाखाली पूर्ण कडा फिरवून पाहावी. मोठे नाणे असेल तर घनताही मोजावी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा, नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचे, तळाला किंवा बाजूला टेकू द्यायचे नाही. काट्यावर जो आकडा दिसतो त्याने नाण्याच्या हवेतल्या वजनाला भागायचे. शुद्ध चांदीची घनता 10.49 आणि तांब्याची 8.96, तेव्हा चांगल्या चांदीचे नाणे 10.2 च्या वर यावे. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा उत्तर बिघडवतो. तो ओल्या बोटाने पुसून काढावा. 17.20 ग्रॅमच्या टेट्राद्राख्माला काट्यावर 1.65 आले तर घनता 10.42 आणि 1.66 आले तर 10.36, म्हणजे उत्तर भरवशाचे. 4.20 ग्रॅमच्या द्राख्माला मात्र 0.40 आले तर 10.5 आणि 0.42 आले तर 10.0, इथे 0.001 ग्रॅमचा काटा हवा. ओबोलला ही परीक्षा लागूच पडत नाही. गंजून सच्छिद्र झालेल्या खऱ्या नाण्याची घनताही कमी येते, हे लक्षात ठेवावे.

चांदीचीच एक व्याधी छायाचित्रात सहज दिसत नाही. शतकानुशतके जमिनीत राहिल्यावर चांदीतली तांबे-शिशाची भेसळ धातूच्या कणांच्या सीमांवर जमते, त्या सीमा गंजतात आणि नाणे आतून ठिसूळ होते. वरून ते धडधाकट दिसते, पण फरशीवर पडले तर बिस्किटासारखे तुटते. तुटलेल्या जागी साखरेसारखे चमकणारे कण दिसतात. वर्णनात ‘स्फटिकीभवन’, ‘ठिसूळ’, ‘सच्छिद्र’ यांपैकी एखादा शब्द असेल किंवा पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक चिरा दिसत असतील, तर तसे नाणे पहिल्या खरेदीत टाळावे. टेबलावर आपटून आवाज ऐकण्याची जुनी परीक्षा कधीच करू नये.

किमतीकडे वळू. लिलावातली सुरुवातीची किंमत हे केवळ आमंत्रण असते. त्याच प्रकारची, त्याच प्रतीची दहा नाणी गेल्या तीन-चार वर्षांत कितीला गेली ते काढावे आणि मधला आकडा धरावा. त्यातून खर्च वजा करून आपली बोली ठरवावी. समजा 100 युरोंना बोली संपली. त्यावर खरेदीदाराचे कमिशन 20 टक्के धरले तर 120. विमा उतरवलेले टपाल 25, बँकेचे शुल्क 10, झाले 155, आणि आपल्या देशातला आयात कर त्यानंतर. कमिशन प्रत्येक लिलावगृहाचे वेगळे असते, दुसऱ्या संकेतस्थळामार्फत बोली लावली तर आणखी काही टक्के लागतात. नियमांचे पान आधी वाचावे. टपालखर्च एका नाण्याला आणि चार नाण्यांना जवळपास सारखाच पडतो, म्हणून स्वस्त नाणी सुटी-सुटी मागवणे सर्वांत महाग.

विक्रेत्याकडे अस्सलपणाची लेखी आणि मुदत नसलेली हमी मागावी. 1951 मध्ये स्थापन झालेल्या आयएपीएन या व्यावसायिक नाणेविक्रेत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सभासदांवर अशी हमी पाळण्याचे बंधन आहे. नाण्यासोबत विक्रेत्याने स्वतःच छापून दिलेल्या रंगीत प्रमाणपत्राला काहीच मोल नाही. प्रतवारी करणाऱ्या संस्थांनी प्लास्टिकच्या डबीत बंद करून दिलेल्या नाण्यांवर ठोकणीला आणि पृष्ठभागाला 5 पैकी गुण असतात. ते उपयोगी आहेत, पण दोन्हींना 5 गुण असलेल्या नाण्याचा चेहरा निर्जीव आणि 3 गुणांच्या नाण्याचा अप्रतिम असू शकतो. आम्ही कोरीवकामाला पहिला मान देतो, मग छाप मध्यावर असण्याला, मग पृष्ठभागाला, आणि झिजेला सर्वांत शेवटी. समान झिजलेले, पण सुंदर ठशाचे नाणे वर्षानुवर्षे आनंद देते. घासून पांढरेफटक केलेले, पुन्हा कोरून उठाव आणलेले किंवा दागिन्यातून काढलेले, म्हणजे कडेला डाग दिल्याची खूण असलेले नाणे मात्र निम्म्या भावातही घेऊ नये.

कायद्याची बाजू सौम्यपणे घेण्यासारखी नाही. ग्रीसच्या 2002 च्या आणि तुर्कस्तानच्या 1983 च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेले प्राचीन नाणे सरकारच्या मालकीचे असते. प्रवासात तिथल्या भग्नावशेषांजवळ कुणी मुठीतले नाणे दाखवले तर ते नकली असेल तर पैसे जातील आणि खरे असेल तर तुरुंगवास होईल. 1984 मध्ये तुर्कस्तानातल्या एल्मालीजवळ सुमारे 1,900 चांदीच्या नाण्यांचा साठा चोरून उकरला गेला. तो परत मिळवायला 1999 उजाडले. अमेरिकेने सायप्रस, इटली, ग्रीस, बल्गेरिया, तुर्कस्तान यांच्याशी झालेल्या करारांनुसार अनेक प्रकारच्या नाण्यांच्या आयातीवर निर्बंध घातले आहेत. म्हणून नाणे पूर्वी कुठल्या संग्रहात होते, कोणत्या लिलावात, कोणत्या वर्षी, कोणत्या क्रमांकाने विकले गेले हे विचारावे आणि तो जुना लिलाव स्वतः उघडून चित्र जुळवून पाहावे. 2020 मध्ये लंडनच्या लिलावात 30 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेलेल्या ब्रूटसच्या सोन्याच्या रोमन नाण्याची जुन्या संग्रहाची कागदपत्रे खोटी निघाली आणि 2023 मध्ये ते नाणे ग्रीसला परत करावे लागले. ज्या नाण्याचे जुने छापील चित्र सापडते त्याला आम्ही दहा-पंधरा टक्के जास्त आनंदाने देतो. अलीकडे केलेली नक्कल जुन्या लिलावात असणे शक्य नसते, त्यामुळे त्या पैशांत अस्सलपणाचा पुरावाही मिळतो.

राहिली ती जपणूक. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटांतून कालांतराने आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. मायलारची किंवा आम्लविरहित कागदाची पाकिटे घ्यावीत. चिकट थर शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो, साधी माती ऊर्ध्वपातित पाण्याने. सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमचा कागद वापरून चांदी उजळण्याची घरगुती युक्ती प्राचीन नाण्यावर करू नये. ठिसूळ नाण्याचे त्यात तुकडे पडू शकतात आणि वर्षांनी चढलेली काळसर झाक जाऊन किंमतही जाते. ओकच्या लाकडाची पेटी, रबर, लोकर, वृत्तपत्राचा कागद यांपासून नाणी दूर ठेवावीत. प्रत्येक नाण्याच्या पाकिटात एक चिठ्ठी असावी: शहर, मूल्य, वजन, व्यास, सूचीतला क्रमांक, कुणाकडून, कधी, कितीला घेतले. पावती आणि जुनी चिठ्ठी असेल तर ती कधीही टाकू नये, कारण पुढे ते नाणे ज्याच्या हाती जाईल त्याला त्याचा माग याच कागदांवरून लागणार आहे.

आपले,
ग्रीक नाण्यांचे काही संग्राहक